एक थकलेलं बिल, तीन टेबलं: बडोद्यातल्या तरुण वकील मुलींसाठी

माझ्या नणंदेची मुलगी सयाजीराव विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन, बारची परीक्षा पास होऊन, एका रविवारी दांडिया बाजारात आमच्याकडे आली. "मामी, कंपनीचं पत्र आलंय. आठ दिवसांत कळवायचंय." पत्र एका मोठ्या केमिकल कंपनीच्या लीगल विभागाचं होतं. दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात व्यापारी दावे चालवणारे एक सीनियर तिला ज्युनिअर म्हणून घ्यायला तयार होते. आणि वर्गातल्या दोन मैत्रिणी अहमदाबादला हायकोर्टात निघाल्या होत्या. मी आधी तीन वर्षं कंपनीत होते, नंतरची अठरा वर्षं कोर्टात आहे. तेव्हा दोन्हीकडचं स्वतः पाहिलेलं सांगते.

एकच प्रकरण धरू. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतला (जीआयडीसी) एक छोटा कारखानदार व्हॉल्व्ह बनवतो. त्याचे ११ लाख एका कंपनीकडे दीड वर्ष अडकलेत.

कोर्टातल्या वकिलाकडे तो प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन येतो. बिलं, लॉरी रिसीट, ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन जीएसटी कागद), व्हॉट्सॲपचे प्रिंट. अशाच एका पिशवीत मला माल पोचवल्याचं एक चलन मिळालं होतं. कोपऱ्यावर ग्रीसचा अंगठा, खाली गेटवरच्या माणसाने निळ्या पेनने लिहिलेलं "माल मळ्यो", म्हणजे माल मिळाला, आणि सही. शिक्का नाही. समोरच्यांचं म्हणणं, माल आलाच नाही. मी त्या दिवशीच्या ई-वे बिलावरचा गाडीचा नंबर आणि कंपनीच्याच गेट रजिस्टरमधली नोंद शेजारी ठेवली आणि त्यांच्या स्टोअर मॅनेजरची उलटतपासणी घेतली. चौथ्या प्रश्नाला तो गप्प झाला. कॉलेजात साक्षीपुराव्याचा कायदा मी दोनदा वाचला होता, कळला त्या दिवशी.

हे काम आता पूर्वीसारखं रेंगाळत नाही. २०१५ च्या कमर्शियल कोर्ट कायद्यात सुरुवातीला एक कोटीची मर्यादा होती, २०१८ मध्ये ती ३ लाखांवर आली. म्हणून मकरपुऱ्याचा माणूससुद्धा त्या कोर्टात जाऊ शकतो. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थीला जावंच लागतं, हे सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये पक्कं केलं. ते टाळून दाखल केलेला दावा फेटाळला जातो. प्रतिवादीची कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, समन्स बजावल्यापासून १२० दिवसांत आली नाही तर ती देण्याचा हक्कच जातो. ज्युनिअर दिवस मोजायला चुकली की अशिलाचं नुकसान होतं. पहिल्या वर्षात ही भीती पोटात घेऊन झोपायची सवय लागते, आणि मला वाटतं ती लागावी.

भाषेचंही बोलायला हवं. आपण घरी मराठी, कॉलेजात इंग्रजी, आणि जिल्हा कोर्टात कागद गुजराती. घरी 'मुदत संपली' म्हणतो, कोर्टात तारखेलाच 'मुदत' म्हणतात. जुने दस्त अस्खलित वाचता येत नसतील तर सहा महिने रोज संध्याकाळी ते वाचायला बसा. बडोद्यात वाढलेल्या मुलींना बोलण्याची अडचण नसते, लिहिण्याची असते.

आता तेच बिल कंपनीच्या टेबलावरून पाहा. तिथे तुम्ही पैसे थकवणाऱ्या बाजूला आहात, आणि खरं सांगायचं तर चांगलं काम करायची संधी तिथेच जास्त आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, तेही महिन्यागणिक. हे अकाउंट्सवाल्यांना वेळेवर सांगणारी वकील कंपनीत असेल तर मकरपुऱ्याच्या माणसाला पिशवी घेऊन फिरावंच लागत नाही. पर्चेस ऑर्डरमधलं लवादाचं कलम, म्हणजे वाद झाला तर तो कोर्टाबाहेर पंचापुढे कुठे मिटवायचा, ते तुम्ही लिहिता. बडोद्याच्या पुरवठादाराला दिल्लीला हेलपाटे घालायला लावायचे की इथेच बसून मिटवायचं, हे त्या दोन ओळींत ठरतं. मी कंपनीत शिकलेलं करार वाचणं आजही रोज कामी येतं.

पैशांच्या बाबतीत दोन्हींची बरोबरी होत नाही. कंपनीत एक तारखेला पगार, पीएफ, बाळंतपणाची २६ आठवड्यांची भरपगारी रजा, लैंगिक छळाची तक्रार करायला अंतर्गत समिती. कोर्टात बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरी ज्युनिअरला महिना २०,००० रुपये विद्यावेतन सुचवलं खरं, पण ती शिफारस आहे. माझ्या पहिल्या सीनियरांनी वर्षभर फक्त पेट्रोलचे पैसे दिले. मुलगी सहा आठवड्यांची असताना मी तारखेला उभी राहिले, कारण त्या दिवशी गेले नसते तर फाइल दुसऱ्याकडे गेली असती. सासूबाई तिला घेऊन बाररूममध्ये बसल्या होत्या. आजही त्या दिवसाचा मला राग येतो. घरात एकाच्या पगारावर सगळं चालत असेल, कर्ज असेल, तर कंपनी घ्या आणि मनात अपराधी वाटून घेऊ नका.

पण एक गोष्ट पत्रावर सही करण्याआधी नीट समजून घ्या. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिलीची सनद स्थगित ठेवावी लागते. ती पुन्हा चालू करता येते, पण मधली वर्षं वकिलीत धरत नाहीत. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. वकिलांमधून थेट जिल्हा न्यायाधीश व्हायचं तर सात वर्षं लागतात. मला हे तेव्हा कोणी सांगितलं नाही. कंपनी सोडून कोर्टात आले तेव्हा माझ्याबरोबरचे स्वतःच्या फाइली चालवत होते आणि मी वकीलपत्राला स्टँप लावत होते. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, आणि वकील म्हणून नाव नोंदवायला त्यांना जवळजवळ तीन दशकं थांबावं लागलं. केवळ बाई म्हणून डावलणं कायद्याने थांबलं ते १९२३ मध्ये. त्यामुळे सनद कपाटात ठेवताना माझा हात अजूनही अडखळतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. घर चालत असेल तर आधी तीन वर्षं कोर्ट, मग हवी तर कंपनी. उलटतपासणीत आपलाच करार फाटताना पाहिलेली मुलगी करार वेगळा लिहिते, आणि कंपन्यांनाही अशी वकील हवी असते. उलटा प्रवास होतो, मी केला, पण महाग पडतो.

अहमदाबादबद्दल थोडक्यात. आपलं ११ लाखांचं बिल तिथे एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात, जाऊच शकत नाही, २०२० पासून तिथली मर्यादा एक कोटी आहे. कमर्शियल कोर्टाच्या निकालावरचं अपील ६० दिवसांत करावं लागतं, पण ते हायकोर्टात गेलं तरी तोवर चलन आणि अंगठा हे पेपरबुकातलं, म्हणजे अपिलाच्या कागदांच्या गठ्ठ्यातलं, एक पान झालेलं असतं. काम मोठं, इंग्रजीत, डोक्याला खाद्य देणारं. मात्र अपडाउन करून ते होत नाही. एक्सप्रेसवे कितीही चांगला असला तरी सोल्याला हायकोर्टात सकाळी बोर्ड (त्या दिवसाची प्रकरणांची यादी) गाठून रात्री परत येऊन ड्राफ्टिंग करणाऱ्या मुली मी वर्षभरात थकलेल्या पाहिल्यात. जायचं तर खोली घेऊन राहा. आणि शक्यतो खालच्या कोर्टात साक्षीदार पाहिल्यावर जा.

भाचीला मी पत्राचं उत्तर सांगितलं नाही. सीनियरांना विचारायचे प्रश्न लिहून दिले. वकीलपत्रावर माझं नाव घालाल का? मध्यस्थीच्या बैठकीला अशिलाबरोबर बसू द्याल का? पहिल्या वर्षात एकतरी साक्षीदार माझ्या हाती द्याल का? महिन्याचे किती द्याल, आणि कोणत्या तारखेला? शेवटचा प्रश्न विचारताना मुली खाली बघतात. ती बुधवारी जाऊन चारही प्रश्न समोर बघून विचारून आली.