रेडिओच्या ‘लायसन्स’चे साडेनऊ हजार

बेळगावात शहापूरच्या खडेबाजारात आमचं साड्यांचं दुकान. दिवाळीच्या तोंडावर एक पोरगा आला. आमच्याशी मराठीत, शेजारच्या भांडीवाल्याशी कन्नडमध्ये, दोन्हीकडं सारखाच गोड. “काका, टीव्हीवर साड्यांचे फोटो, ऑफर फिरत राहतील, मागं दिवसभर इंटरनेट रेडिओ.” निपाणीच्या एका कापड दुकानात बसवलेल्या टीव्हीचा व्हिडिओ दाखवला. मी भुललो. बायको म्हणत होती, आधी त्या निपाणीवाल्याला विचारा. नाही विचारलं.

पावती अशी: रेडिओ चॅनेलचं कमर्शियल लायसन्स ९,५००, वर्षाची सर्व्हर फी ४,५००, बसवणी २,०००. शिवाय “तुमच्या नेटवर गाणं अडकेल” म्हणून महिन्याला ८०० रुपयांची स्पेशल लाइन. ही लाइन कुठून कुठं गेली होती, ते मला अजून दिसलेलं नाही.

पाच महिने वाजलं. मग एक दिवस फोटो फिरतायत आणि आवाज गप्प. फोन केला तर म्हणतो, “चॅनेल बदललंय काका, नवीन लायसन्स लागणार. परत साडेनऊ.”

तेव्हा उद्यमबागेत कामाला असलेल्या भाच्याला बोलावलं. त्यानं टीव्हीमागचा छोटा कॉम्प्युटर उघडला. आत झिबो नावाचं, टीव्हीवर फोटो-जाहिराती फिरवणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, त्याचा विंडोजवरचा प्लेअर फुकट मिळतो. रेडिओ म्हणजे फक्त एका ओळीचा पत्ता, स्टेशनच्या स्ट्रीमचा, म्हणजे नेटवर चालू असलेल्या प्रसारणाचा. स्टेशननं तो बदलला आणि आमचा आवाज गेला, एवढंच. भाच्यानं स्टेशनच्या साइटवरून एम३यू फाइल उतरवली, नोटपॅडमध्ये उघडली, आत नवा पत्ता. मोबाइलवर व्हीएलसी या गाणी वाजवायच्या ॲपमध्ये चिकटवला तर गाणं लगेच सुरू. “मामा, ह्याला कोण पैसे घेत नाही की.” लाइनचाही हिशोब त्यानंच केला: १२८ केबीपीएसचा स्ट्रीम तासाला ५८ एमबीच्या आत, दुकानाचे दहा तास धरले तरी ६०० एमबी होत नाहीत. आमच्या साध्या ब्रॉडबँडला ते काहीच नाही.

मी म्हटलं, मग घाल की नवा पत्ता. इथंच गोची झाली. पत्ता बदलायचा तो सर्व्हरवरून, आणि सर्व्हर त्या पोराच्या नावावर, लॉगिन त्याच्या ईमेलवर. टीव्ही आमचा, साड्या आमच्या, किल्ली त्याच्या खिशात. पासवर्ड मागितला तर उत्तर आलं, “आधी बाकी भरा.” बसवतानाच आपल्या ईमेलवर ॲडमिन लॉगिन घ्यायचं असतं, हे मला साठाव्या वर्षी कळलं.

आणि ते लायसन्स? कागदावर त्याच्याच दुकानाचा रबरी शिक्का. स्टेशन घरी फुकट ऐकता येतं, पण गिऱ्हाइकांसमोर दुकानात गाणी लावायची तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्कदारांची परवानगी लागते. ती आयपीआरएस, पीपीएल अशा संस्था देतात, टीव्ही बसवणारा नाही. म्हणजे साडेनऊ हजार भरूनही पाच महिने आम्ही विनापरवानाच वाजवत होतो.

शेवटी व्हिडिओतल्या पाटीवरचं नाव शोधून निपाणीला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडं जरा वेळ शांतता. मग म्हणाले, “कालच पुढच्या वर्षाचे भरले की हो.”