कमरेला साडेतीनशे ग्रॅम: लेदरमन सर्ज, एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यावर

लेदरमन कंपनीचं सर्ज म्हणजे घडी होणारं मल्टिटूल: पक्कड, चाकू, कात्री, करवत एकाच हत्यारात. वजन ३५५ ग्रॅम, मिटल्यावर लांबी साडेअकरा सेंटिमीटर. दुकानात हातात घेतल्यावर हे वजन भक्कम वाटतं. मे महिन्यात नागपुरात दिवसभर अंगावर वागवताना तेच वजन वेगळं वाटतं. म्हणून आधी वागवण्याबद्दल, मग कामाबद्दल.

पँटच्या खिशात हे ठेवूच नका. सुती पँटचा खिसा मांडीवर आपटत राहतो, आतलं अस्तर शिलाईपाशी विरतं, आणि त्याच खिशात मोबाइल असेल तर काचेवर ओरखडे ठरलेलेच. जागा कमरेलाच, आणि पट्टा जाड हवा. साधारण ३८ मिलिमीटर रुंदीचा, न दुमडणारा. फॅन्सी पातळ पट्टा एका बाजूला ओघळतो. पाउच उजव्या खिशाच्या थोडा मागे घ्या. अगदी बाजूला घेतलात तर गाडीत सीटबेल्टचं बकल त्यावरच येतं, पुढे घेतलात तर स्कूटरवर बसताना पोटात टोचतं. शर्ट बाहेर सोडला तर दिसत नाही.

आता काम. सर्ज म्हणजे मुळात एक चांगली पक्कड, बाकीचं सगळं तिला जोडलेलं. हँडल लांब असल्याने दाब भरपूर मिळतो, आणि जडपणाचा खरा मोबदला तोच. उन्हाळ्याच्या तोंडावर कूलर उतरवायचा, वूडवूलच्या जुन्या ताट्या काढायच्या, जाळीला बाइंडिंग वायरने नव्या बांधायच्या, पंपाच्या नळीचा क्लॅम्प दाबायचा: ही सगळी कामं याच एका हत्याराने होतात, शिडीवरून उतरावं लागत नाही. चाकू, दातेरी पातं, कात्री आणि करवत-कानशीचं पातं असे चारही बाहेरच्या बाजूला आहेत, म्हणजे पक्कड न उघडता वापरता येतात. चाकूचं पातं सुमारे आठ सेंटिमीटर, आणि ही चारही पाती उघडल्यावर लॉक होतात. कात्री मोठी आहे, जाड प्लास्टिकच्या पॅकिंगवर आणि केबल टायवर चाकूपेक्षा तीच जास्त वापरली जाते. संत्र्याच्या गावात फळ हातानेच सोलतात, चाकूला खायच्या गोष्टींचं तसंही फारसं काम नसतं.

तार कापताना बहुतेकांची गफलत होते. जबड्यातली वरची धार तांब्याच्या, ॲल्युमिनियमच्या आणि मऊ बाइंडिंग वायरसाठी. सांध्याजवळची खाच कडक तारेसाठी. खिळा किंवा स्प्रिंगची तार वरच्या धारेवर घेतली की तिला खड्डा पडतो, मग पातळ मल्टिस्ट्रँड वायरही नीट तुटत नाही, दोन धागे लोंबत राहतात. कापताना पक्कड पिळू नका, सरळ दाबा. सर्जमध्ये हे कटर स्क्रू काढून बदलता येतात, ही मोठी सोय आहे. पण तो तुकडा नागपूरच्या लोहा ओळीतल्या कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळणार नाही. टूल घेतानाच एक जोडी मागवून ठेवा. टोकदार जबड्याचंही तसंच: टोकाने धरायचं, ओढायचं, आडवी पिळवट दिली की टोक वाकतं किंवा तुटतं.

नट-बोल्टसाठी मात्र हे टूल वाईटच आहे. पक्कडीने १० मिलिमीटरचा बोल्ट सोडवायला गेलात की षटकोनाचे कोपरे झिजतात, मग योग्य पानाही बसत नाही. दुचाकीसोबत एक रिंग पाना ठेवा, वजनही फारसं वाढत नाही.

स्क्रूची तीच रड. सर्जचा बिट ड्रायव्हर (स्क्रूची सुटी टोकं, म्हणजे बिट, बसवायची जागा) हँडलच्या एका कडेला आहे, मध्यावर नाही. त्यामुळे फिरवताना अख्खं टूल गोल फिरतं, भिंतीला किंवा बोर्डाच्या कडेला अडतं, आणि खोल बसलेल्या स्क्रूपर्यंत बिट पोचतच नाही. शिवाय बिट चपटे, कंपनीचेच. बाजारातला पाव इंची षटकोनी बिट थेट बसत नाही. यावर उपाय म्हणजे कंपनीचा वेगळा एक्स्टेंडर. त्यात चपटे आणि षटकोनी दोन्ही बिट बसतात, आणि लांबी वाढल्याने खोलीचा प्रश्नही सुटतो. ज्यांचं अर्धं काम स्क्रूचं आहे त्यांनी एक्स्टेंडरचा खर्च टूलच्या किमतीतच धरावा.

करवत आणि कानस अदलाबदलीच्या आहेत, आणि त्या जागी जिगसॉची (विजेवरच्या करवतीची) टी-शँक, म्हणजे टी आकाराच्या बुडाची, पातीही बसतात. लाकडाचं आणि लोखंडाचं अशी दोन पाती घ्यावीत. लांब पातं हँडलात मावत नाही, ग्राइंडरवर टोक कमी करून घ्यावं लागतं. जिगसॉचे दात बहुधा शँककडे वळलेले असतात, त्यामुळे जोर ओढताना लावायचा. ढकलताना जोर लावला की पातं वाकतं.

विजेच्या बाबतीत एकदा ठळक सांगतो: हे पूर्ण स्टीलचं आहे, हँडलवर कसलंही इन्सुलेशन नाही. क्रिंपर (वायरला टोपण दाबून बसवायची खाच) आहे, वायर सोलायची खाच आहे, म्हणजे ते इलेक्ट्रिशियनचं हत्यार झालं असं नाही. एमसीबी (बोर्डावरचा सर्किट तोडणारा स्विच) पाडा, टेस्टरने खात्री करा, मग हात लावा. कूलरचा तर प्लगच काढा. पत्र्याच्या ओल्या बॉडीत करंट उतरण्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात.

निगा. पातं ४२०एचसी स्टीलचं आहे: लवकर धार धरतं, तितक्याच लवकर बोथट होतं. १००० ग्रिटच्या दगडावर दर बाजूला साधारण २० अंशांनी दहा-बारा हात मारले की रोजच्या कामाला पुरतं. स्टेनलेस म्हटलं तरी गंज चढतोच, विशेषतः सांध्यात. घामातलं मीठ आणि कूलरचं क्षारांचं पाणी दोन्ही बाधतात. चामड्याचा पाउच दिसायला देखणा, पण पावसाळ्यात ओल धरून ठेवतो. नायलॉनचा लवकर वाळतो. उघडताना कचकच लागली की कोमट पाण्यात साबण घालून जुन्या टूथब्रशने सांधे घासा, पूर्ण वाळवा, सांध्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडा आणि जास्तीचं पुसून टाका. तेल राहिलं तर बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांच्या शेडमधली धूळ त्यावर चिकटते, आणि आठवड्यात पुन्हा तीच कचकच. खोबरेल किंवा गोडंतेल नको, ते चिकट होऊन जमतं.

रोज बाळगताना कायद्याचाही विचार करावा. शस्त्र कायद्याच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे. सर्ज त्याच्या जवळपासही नाही. पण महाराष्ट्र पोलिस अधिनियमाच्या कलम ३७ खाली अधूनमधून शस्त्रं बाळगायला मनाईचे आदेश निघतात, आणि दरवाजावरचा शिपाई इंच मोजत बसत नाही. हिवाळी अधिवेशनात सिव्हिल लाइन्स, जिल्हा न्यायालय, मेट्रोची तपासणी, अशा ठिकाणी जायचं असेल त्या दिवशी टूल घरी ठेवा. सोनेगावहून विमान असेल तर चेक-इन बॅगेत, हातातल्या बॅगेत कधीच नाही.

घ्यावं कुणी? देखभालीचं काम करणारे, सोलर किंवा केबल बसवणारे, शेतावर पंप सांभाळणारे, यांना सर्ज फळतं. टेबलावर बसून काम करणाऱ्याला लेदरमनचंच २४१ ग्रॅमचं वेव्ह प्लस पुरे. व्हिक्टोरिनॉक्सच्या स्विसटूल या मल्टिटूलची फिटिंग आणि सफाई सर्जपेक्षा सरस आहे, पण कटर बदलता येत नाही. आणि ज्याच्याकडे बॅग सोबत असतेच त्याने इतवारीच्या बाजारातून सहा इंची पक्कड, टेस्टर, टू-इन-वन स्क्रूड्रायव्हर आणि कटर घ्यावा. सर्जच्या किमतीच्या छोट्याशा भागात ही चारही हत्यारं येतात आणि प्रत्येक आपापलं काम सर्जपेक्षा नीट करतं.