सेहेचाळीस कॅच ब्लॉक काढून एक हेल्पर लावला: सात महिन्यांनंतर

मागच्या महिन्यात रात्री अकरा वाजता आमची जावातली इम्पोर्ट सर्व्हिस बंद होईना. नवं रिलीज चढवायचं होतं. सर्व्हिस चालवणाऱ्या कुबर्नेटिसने सिगटर्म, म्हणजे 'बंद हो' हा सिग्नल, पाठवला, आमच्या कोडने शटडाउननाउ() करून थ्रेडना थांबायला सांगितलं, तरी प्रत्यक्ष काम करणारा वर्कर थ्रेड चालूच. 30 सेकंद झाल्यावर प्रोसेस मारली गेली आणि एक फाइल अर्धवट राहिली. ती हाताने निस्तरता निस्तरता पहाट झाली.

सात महिन्यांपूर्वी या सर्व्हिसमध्ये 46 ठिकाणी जवळपास सारखाच कॅच ब्लॉक (चूक, म्हणजे एक्सेप्शन, आल्यावर काय करायचं तो कोड) होता. आयओएक्सेप्शन (वाचण्या-लिहिण्यातली चूक) पकडा, एसक्यूएलएक्सेप्शन (डेटाबेसची चूक) पकडा, लॉग करा, आमच्या इम्पोर्टएक्सेप्शनमध्ये गुंडाळून वर फेका. जावा 7 पासूनची उभ्या रेघेची मल्टी-कॅच (एकाच कॅचमध्ये अनेक एक्सेप्शन) लावली तेव्हाच बऱ्याच ओळी गेल्या. फाइल वगैरे आपोआप बंद करणाऱ्या ट्राय-विथ-रिसोर्सेसने फायनलीमधला क्लोज()चा पसारा संपवला; शिवाय क्लोज करताना आलेला एक्सेप्शन आता मूळ एक्सेप्शनला झाकत नाही, गेटसप्रेस्ड()मध्ये मिळतो. या दोन्हींबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

उरलेल्या कामासाठी हेल्पर, म्हणजे सगळीकडून वापरायची एक छोटी मेथड. जावाच्या तयार फंक्शन, सप्लायर या इंटरफेसना चेक्ड एक्सेप्शन (पकडणं किंवा जाहीर करणं सक्तीचं असलेला) चालत नाही, म्हणून 'थ्रोज एक्सेप्शन' असलेला आमचाच छोटा इंटरफेस केला. काम लॅम्डात (बिननावाच्या छोट्या फंक्शनमध्ये) द्यायचं, ट्राय-कॅच हेल्पर सांभाळतो. वीस ओळींसाठी नवी लायब्ररी गळ्यात बांधून घेणं मला पटत नाही. तरी टीमचा आग्रह म्हणून लॉम्बॉक लायब्ररीचं स्नीकीथ्रोज (चेक्ड एक्सेप्शन जाहीर न करता फेकू देणारं) पंधरा दिवस वापरलं. वरच्या मेथडमध्ये तो आयओएक्सेप्शन पकडायला गेलो की कंपायलर सांगतो, या ट्रायमधून असा एक्सेप्शन येतच नाही. काढून टाकलं.

आता खरा त्रास. हेल्परमध्ये मी सरळ 'कॅच एक्सेप्शन' लिहिलं होतं. त्यात इंटरप्टेडएक्सेप्शनही (थांबलेल्या थ्रेडला इंटरप्ट केल्यावर येणारा) सापडतो. थ्रेड.स्लीप() हा एक्सेप्शन फेकताना थ्रेडचा इंटरप्ट फ्लॅग (थांबायला सांगितल्याची खूण) उतरवून ठेवतो. आमच्या हेल्परने तो एक्सेप्शन गुंडाळला, बाहेरच्या लूपने 'इम्पोर्ट फसलं, पुन्हा प्रयत्न' समजून पुढची फेरी सुरू केली. लूप दर फेरीला इझइंटरप्टेड() तपासत होता, पण उत्तर फॉल्स. शटडाउननाउ() एकदाच इंटरप्ट करतो, आणि तो एकमेव निरोप आम्ही गिळला होता.

गिटचा इतिहास उघडला तेव्हा जास्त वाईट वाटलं. त्या 46 पैकी 2 ब्लॉकमध्ये फ्लॅग पुन्हा वर करणारी एक जादा ओळ होती: थ्रेड.करंटथ्रेड().इंटरप्ट(). कुणीतरी विचार करून लिहिलेली. बाकीच्यांसारखाच ब्लॉक समजून मी ती पुसली, आणि 900 ओळींच्या त्या बदलात रिव्ह्यू करणाऱ्यालाही ती दिसली नाही. एवढा मोठा बदल एकदम रिव्ह्यूला टाकणं हीच माझी चूक.

इथवर लिहीपर्यंत हेल्पर वापरूच नका, असं सांगायच्या बेतात होतो. पण दुरुस्ती पुन्हा उघडून पाहिली. इंटरप्टेडएक्सेप्शनसाठी वेगळा कॅच, त्यात फ्लॅग पुन्हा वर, आणि लूपबाहेर पडायला वेगळा एक्सेप्शन. हेल्परमध्ये 4 ओळी आणि लूपमध्ये एक कॅच. जुन्या कोडमध्ये आणखी 5 ब्लॉक असे निघाले की जिथे स्लीप() किंवा ब्लॉकिंग क्यूचं टेक() (क्यूत काही येईपर्यंत थांबणारं) होतं आणि फ्लॅग वर करणारी ती ओळ नव्हतीच. म्हणजे दुखणं आधीपासूनचं होतं, पाच ठिकाणी विखुरलेलं. आता ते एकाच जागी बरं झालं. हेल्पर राहणार.

हेल्परमधलं लॉगिंगही काढलं. तिथे लॉग, वर पुन्हा लॉग, त्यामुळे एकाच चुकीचे तीन-तीन स्टॅक ट्रेस (चूक कोणत्या कॉलमधून आली त्याची यादी) येत होते. आता फक्त सगळ्यात बाहेरची मेथड लॉग करते, आणि गुंडाळताना मूळ एक्सेप्शन कॉज म्हणून द्यायचाच. नुसता गेटमेसेज() दिला की मूळ ट्रेस गेला.

दुसऱ्या सर्व्हिसमध्ये असेच 31 ब्लॉक आहेत. या वेळी आधी सगळे एका फाइलमध्ये काढून ओळीओळीने जुळवले. एकसारखे वाटणारे ते 31 प्रत्यक्षात 6 प्रकारचे निघाले. चार प्रकार हेल्परमध्ये जातील, दोन आहेत तिथेच राहतील.