आठ महिने फिटनेस बँड वापरला: पळताना माझी पावलंच ठोके म्हणून दाखवत होता

आठ महिने झाले, आंघोळ आणि चार्जिंग सोडलं तर बँड हातातून काढलेला नाही. स्पेक्स सगळ्यांना माहितीच आहेत, मला लिहायचंय ते पळतानाच्या हार्ट रेटबद्दल.

दुसऱ्या महिन्यात पळायला लागले. अगदी हळू, बोलता बोलता पळता येईल इतपत, आणि बँडवर १७०! वय ४४, म्हणजे २२० वजा वय हा ढोबळ हिशोब धरला तरी कमाल १७६. भीतीच बसली. दोन आठवडे पळणं बंद, ईसीजी काढला, तो नॉर्मल. मग सर्व्हिस सेंटरला गेले तर तिथल्या माणसाने बँड स्वतःच्या हाताला लावला, बसल्या बसल्या ७२ दाखवले आणि म्हणाला सेन्सर ओके आहे. अहो बसल्यावर ओकेच आहे, मी पळतानाचं सांगतेय! तीन फेऱ्या मारल्या, तिन्ही वेळा हेच उत्तर.

शेवटी एकदा पळतानाच मिनिटभर पावलं मोजली. १६८. बँडवर ठोके १६९. लगेच थांबून मनगटाची नाडी १५ सेकंद मोजली, गुणिले ४, आले १३२. म्हणजे हा माझी पावलं मोजून ठोके म्हणून दाखवत होता! याला केडन्स लॉक म्हणतात. मागचा हिरवा लाइट कातडीतून आत जातो, रक्त तो शोषून घेतं, प्रत्येक ठोक्याला रक्त कमीजास्त झालं की परत येणारा उजेडही बदलतो, त्यावरून मोजणी होते. पण पळताना हात हलतो, बँड सरकतो, मनगटातलं रक्तही हिंदकळतं, आणि हे सगळं पावलांच्या तालात, मग सॉफ्टवेअर तोच ताल धरून बसतं.

इथपर्यंत मी एकच स्टार देणार होते. पण मग बँड मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवला, पळण्यापुरता एक भोक घट्ट केला, आणि निघायच्या आधी पाच मिनिटं भरभर चालून अंग गरम केलं. फरक पडला! मैत्रिणीचा छातीचा पट्टा आणून दोन्ही एकदम लावून पळाले (तो हृदयाचे इलेक्ट्रिक सिग्नल पकडतो, म्हणून आधी ओला करावा लागतो). एका वेगात पळताना दोघांत २-३ ठोक्यांचा फरक, वेग एकदम वाढवला की मात्र बँड बराच मागे राहतो. थंडीत हात गार असले तर अजूनही १७० वर जातो, कारण कातडीतलं रक्तच कमी होतं. ही एवढी माहिती सर्व्हिस सेंटरवाल्याने पहिल्या फेरीतच द्यायला हवी होती, माझे दोन आठवडे भीतीत गेले नसते.

झोपेच्या स्टेजेसवर विश्वास नाही, पुस्तक वाचत निवांत पडले तरी झोप धरतो. कॅलरीज मी बघतच नाही. पण झोपेतली नाडी मात्र खरंच कामाची. एरवी ६१ असते, एका रात्री ७० दाखवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मला ताप. तेव्हापासून सकाळी उठल्यावर आधी तो आकडा बघते, वाढलेला असला तर त्या दिवशी पळत नाही.

बॅटरी ९ दिवसांवरून ६ वर आलीय, चालेल. पण सारखं घट्ट करून पट्ट्याचं भोक फाटत आलंय आणि कंपनी म्हणते नुसता पट्टा मिळणार नाही, नवीन बँड घ्या. सेन्सर नीट चालत असताना मी अजिबात घेणार नाही. बाहेरचा कुठला पट्टा यात घट्ट बसतो का, कोणी वापरला असेल तर सांगा.