रास्पबेरी पाय ४ आणि कोडी: आठ महिने, चार चार्जर

गेल्या महिन्यात एका रविवारी नाटकाचा दुसरा अंक ऐन रंगात आला आणि टीव्ही गोठला. पडद्यावर नायक अर्धं तोंड उघडून उभा, आणि टीव्हीमागून हार्ड डिस्कचा आवाज: टक्... टक्... मग काहीतरी फिरायला लागल्यासारखी घरघर, आणि परत टक्. बाबांनी दोन मिनिटं वाट पाहिली आणि म्हणाले, "हा आता बोलणार, की त्याचं वाक्य आपणच म्हणायचं?" आठ महिन्यांतली ही सातवी-आठवी वेळ असेल. त्या रात्री जेवणं आटोपल्यावर मी सगळा संसार टेबलावर मांडून बसलो. दीड वाजता दोष सापडला. त्यावरचा उपाय आठशे रुपयांच्या आतला होता, आणि ते आठशे रुपये वाचवण्यासाठी मी तोवर साधारण चोवीसशे घालवले होते.

स्पेसिफिकेशन सांगत बसत नाही, ती सगळ्यांना पाठ आहेत. माझ्याकडे दोन जीबीचा पाय ४ (टीव्हीला जोडता येणारा छोटासा संगणक) आहे, सेकंडहँड, पुण्याच्या तपकीर गल्लीत घासाघीस करून घेतलेला. ३२ जीबीच्या एसडी कार्डवर लिब्रइलेक, म्हणजे कोडी हा व्हिडिओ दाखवणारा प्रोग्रॅम चालवण्यापुरतं बेतलेलं लिनक्स, आणि घरात पडून असलेली एक टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क. कोडीला लोक एक्सबीएमसी म्हणायचे (२०१४ मध्ये नाव बदललं) तेव्हापासून मी ते वापरतोय, त्यामुळे मला यातलं कळतं असा माझा समज होता. पुढचं सगळं त्या समजापायी झालं.

हा उद्योग कशासाठी, तर बाबांच्या नाटकांच्या व्हीसीडींसाठी. साठेक नाटकं, प्रत्येकाच्या दोन नाहीतर तीन सीड्या, आणि त्या वाजवणारा प्लेअर दोन वर्षांपूर्वी गेला. लेन्स मिळत नाही म्हणून दुरुस्तीवाल्याने हात वर केले. मग एकेक सीडी लॅपटॉपमध्ये घालून कॉपी करत बसलो. इथे एक गंमत आहे. व्हीसीडीत एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर असतं आणि त्यात मुख्य फाइलचं नाव जवळपास नेहमी एकच असतं, एव्हीएसईक्यू०१.डीएटी. हे लक्षात यायच्या आधी मी एका नाटकाच्या पहिल्या अंकावर दुसरा आणि दुसऱ्यावर तिसरा कॉपी करून बसलो होतो. लॅपटॉप विचारत होता, 'बदलू का?' मी 'हो' म्हणत होतो.

कॉपी झाल्यावर मात्र कोडीने खूश केलं. तीनही फाइलना एकच नाव देऊन शेवटी रोमन लिपीत सीडी १, सीडी २, सीडी ३ असं लावलं की कोडी त्या जोडून एकच गोष्ट म्हणून दाखवतो. अख्खं नाटक सलग चालतं, उठून सीडी बदलायला नको. मला हा केवढा मोठा विजय वाटला होता! पहिलं नाटक संपल्यावर बाबा म्हणाले, "चांगलंय. पण चहा कधी करायचा?" वीस वर्षं सीडी बदलताना आमच्या घरी चहा ठेवला जायचा, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

आता मूळ दुखण्याकडे येतो. पहिल्या महिन्यात सगळं ठीक होतं. दुसऱ्या महिन्यापासून कधी अचानक रीस्टार्ट, कधी चित्र थांबायचं, कधी हार्ड डिस्क यादीतून गायब. मी आधी एसडी कार्डावर खापर फोडलं आणि नवीन, चांगल्या कंपनीचं कार्ड आणलं. मग एचडीएमआय वायर बदलली. मग हार्ड डिस्क म्हातारी झाली असं ठरवून तिची तपासणी केली, तर ती ठणठणीत. लिब्रइलेक दोनदा नव्याने टाकलं. या काळात मित्राने विचारलं तेव्हा मी पाय ४ ला पाचपैकी दोन तारे दिले होते आणि वर सुनावलं होतं, 'खेळणं आहे, घरात लावायची वस्तू नाही.'

चार्जरवर मात्र संशय घेतला नाही. त्याचं कारण सांगतो. माझ्याकडे आधी पाय ३ होता. त्याला वीज कमी पडली की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकायची. बाबा तिला 'वळवाचा पाऊस' म्हणायचे. पाय ४ वर, नव्या लिब्रइलेकमध्ये ती वीज आठ महिन्यांत एकदाही दिसली नाही. म्हणजे पॉवर ठीक, असं मी धरून चाललो. खरं कारण वेगळं निघालं. आता पडदा सांभाळायचं काम फर्मवेअरकडून (पायच्या स्वतःच्या अंगभूत प्रोग्रॅमकडून) लिनक्सच्या ड्रायव्हरकडे गेलंय, आणि माझ्या सेटअपमध्ये ती सूचना पडद्यापर्यंत येतच नव्हती. लॉगमध्ये, म्हणजे पायच्या नोंदवहीत, 'अंडरव्होल्टेज डिटेक्टेड' (व्होल्टेज कमी पडलं) अशा ओळींची रांग लागलेली होती. आठ महिन्यांत लॉग उघडून पाहावा असं मला एकदाही वाटलं नाही.

त्या रात्री दीड वाजता लॅपटॉपवरून एसएसएचने (दुसऱ्या संगणकाला दुरून हुकूम द्यायची सोय) पायच्या आत शिरून 'गेट थ्रॉटल्ड' हा हुकूम दिला, म्हणजे वीज कमी पडतेय का ते विचारलं. उत्तर आलं: ०एक्स५०००५. हा आकडा पाठ करून ठेवा. शेवटचा ५ म्हणजे या क्षणी व्होल्टेज कमी आहे आणि त्यापायी प्रोसेसरचा वेग उतरवलाय. सुरुवातीचा ५ म्हणजे चालू केल्यापासून हे आधीही झालंय. सगळं ठीक असेल तर नुसतं ०एक्स० येतं. पाय ४ ला ५ व्होल्ट लागतात आणि ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की तो तक्रार नोंदवतो. मधे जागा किती, तर जेमतेम ०.३७ व्होल्ट.

आता वायरीचा हिशेब बघा. माझी वायर मोबाइलच्या दुकानातली, शंभर रुपयांची, दीड मीटर लांब, दिसायला एकदम झकास, वरून विणलेलं कापड. आत तांबं केसाएवढं. जाता-येता मिळून तिचा रोध ०.२ ओहम धरला, तर २ अँपिअर वाहताना ०.४ व्होल्ट वायरीतच संपतात. चार्जरने प्रामाणिकपणे ५ व्होल्ट दिले तरी पायपर्यंत ४.६ पोचतात. त्यात हार्ड डिस्क. पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरची मर्यादा आहे, आणि माझी डिस्क फिरायला सुरुवात करताना त्यातला मोठा वाटा एकटी ओढते. टक् टक् आवाज तोच होता. डिस्क उठायचा प्रयत्न करायची, ताकद कमी पडायची, परत बसायची. आणि मी तिला म्हातारी ठरवून मोकळा झालो होतो.

'मग जास्त वॅटचा चार्जर लावायचा' असं म्हणाल, तर तेही करून झालं. तिसरा चार्जर ३३ वॅटचा होता, माझ्या फोनचा. फास्ट चार्जर फोनशी बोलून व्होल्टेज वाढवतो, ९ व्होल्ट वगैरे देतो, म्हणून ते वॅट मोठे दिसतात. पाय ४ त्याच्याशी असलं काही बोलत नाही, तो फक्त ५ व्होल्ट घेतो. ५ व्होल्टला चार्जर किती अँपिअर देतो ते त्याच्या पाठीवर अगदी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. माझ्यावर लिहिलं होतं २. चौथा चार्जर टॅबलेटचा होता, त्यावर ३ लिहिलेलं होतं, पण वायर तीच विणलेली. मी चार चार्जर बदलले आणि वायर एकदाही बदलली नाही! बायको म्हणाली, "नळाला पाणी येत नाही म्हणून टाक्या बदलत बसलास, पाइप तसाच." तिला यातलं काही कळत नाही असं मी पूर्वी म्हणायचो.

शेवटी रास्पबेरी पायचाच अधिकृत अडॅप्टर मागवला. ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर. तो ०.१ व्होल्ट जास्त का, तर वायरीत जे गळणार त्याची तजवीज आधीच करून ठेवलीय. वायर अडॅप्टरलाच जोडलेली असते, जाड असते आणि काढता येत नाही. पूर्वी हे बघून मला राग यायचा, वायर खराब झाली की अख्खा अडॅप्टर टाकायचा का म्हणून. आता कळलं, माझ्यासारख्या माणसाच्या हातात वायर निवडणं ठेवायचंच नाही, असा त्यामागे विचार असणार. लावल्यापासून तीन आठवडे झाले. एकदाही गोठला नाही. टक् टक् नाही. तारे दोनावरून चार.

पाचवा तारा का नाही, त्याचा पॉवरशी संबंध नाही. डिस्क निळ्या यूएसबी ३ पोर्टात होती आणि ती चालू असली की वायफाय मरायचं. माझा राऊटर जुना, फक्त २.४ गिगाहर्ट्झवाला. फोनवरून नवीन फाइल पाठवायला गेलं की निम्म्यात तुटायची. मी इंटरनेटवाल्याला दोनदा घरी बोलावलं, बिचाऱ्याने राऊटरची जागा बदलून दिली. यूएसबी ३ च्या वायरी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात, यावर इंटेलने २०१२ मध्येच कागद काढून ठेवलाय. डिस्क शेजारच्या काळ्या, यूएसबी २ च्या पोर्टात लावली आणि वायफाय लगेच सरळ झालं. व्हीसीडी म्हणजे ३५२ बाय २८८ चं चित्र, आवाजासकट सेकंदाला दीड मेगाबिटही नाही. त्यासाठी मी यूएसबी ३ च्या वेगाचा हट्ट धरून बसलो होतो. डिस्क परत निळ्यात घालू नये म्हणून त्या पोर्टवर सेलोटेप चिकटवलाय.

आता ज्यासाठी मी हा डबा कुणालाही घ्यायला सांगेन ती गोष्ट, सीईसी, म्हणजे एचडीएमआय वायरीतून टीव्ही आणि डबा एकमेकांना हुकूम देतात ती सोय. टीव्हीचाच रिमोट कोडीला चालतो. एचडीएमआयच्या १३ नंबरच्या पिनवरून टीव्ही पायला सांगतो की अमुक बटण दाबलं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये हे सीईसी नावाने शोधाल तर सापडणार नाही. सॅमसंग त्याला ॲनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिमप्लिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. मी आधी स्वस्तातला मायक्रो एचडीएमआय जोड वापरला होता, चित्र आणि आवाज व्यवस्थित, रिमोट मात्र ढिम्म. सरळ मायक्रो एचडीएमआय ते एचडीएमआय वायर घेतली आणि पॉवरच्या जवळच्या पोर्टात लावली, तेव्हा चाललं. बाबांना काही शिकवावं लागलं नाही. बाण दाबायचा, ओके दाबायचं. आई तर या डब्याला 'टीव्हीतलं नाटकाचं चॅनेल' म्हणते.

पण याच सीईसीने एकदा घाबरवलंही. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते. एका गुरुवारी चार वाजता लाईट आली, बाबा झोपलेले, आणि टीव्ही आपोआप चालू झाला. कोडी सुरू होताना सीईसीवरून टीव्हीला उठवतो. सेटिंगमध्ये 'सुरू होताना कोणती उपकरणं चालू करायची' तिथे 'कोणतंच नाही' केलं. गुरुवारचा दुसरा त्रास घड्याळाचा. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही, तो वेळ नेटवरून घेतो. लाईट आल्यावर पाय अर्ध्या मिनिटात जागा होतो आणि राऊटर तीन मिनिटं आळोखेपिळोखे देत बसतो. तेवढ्या वेळात तारीख चुकीची, सुरक्षित जोडणीला प्रमाणपत्रं पटत नाहीत, हवामानाच्या खिडकीत एरर. लिब्रइलेकच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'कोडी सुरू करण्याआधी नेटवर्कची वाट बघ' असं एक बटण आहे. ते चालू केल्यावर मिटलं.

पोस्टरची कथा थोडक्यात. चित्रपटांची माहिती कोडी टीएमडीबी या वेबसाइटवरून आणतो, आणि माझ्या इंटरनेट कंपनीच्या डीएनएसला (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) तो पत्ताच सापडत नव्हता. डीएनएस १.१.१.१ केला आणि पोस्टरं धडाधड आली. नाटकांना मात्र भलतीच. एका कौटुंबिक नाटकाला कुठल्याशा परदेशी भयपटाचं पोस्टर, दाराआड रक्ताळलेला हात. आईने ते नाटक महिनाभर लावू दिलं नाही. नाटकांच्या फोल्डरला 'फक्त स्थानिक माहिती' करून सीडीच्या कव्हरांचे फोटो टाकलेत.

मित्र म्हणतो, आता पाय ५ घे. त्यात घड्याळ आहे हे खरं, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. एच.२६४ या नेहमीच्या व्हिडिओ प्रकाराचं हार्डवेअर डिकोडिंग (त्यासाठीचा खास वेगळा भाग) त्यातून काढून टाकलंय, ते व्हिडिओ प्रोसेसरच्या जोरावर चालवतात. आणि यूएसबीला पूर्ण पॉवर हवी तर त्याला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर लागतो, नाहीतर चारही पोर्टना मिळून ६०० मिलिअँपिअर. म्हणजे माझी डिस्क परत टक् टक्. मी हात जोडले.

आता एकच काम राहिलंय. लग्नाच्या दोन डीव्हीडी इंटरलेस्ड आहेत, म्हणजे चित्राच्या एकाआड एक रेघा वेगवेगळ्या वेळी टिपलेल्या, त्यात कोणी पटकन वळलं की कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात. त्या रेघा जुळवणाऱ्या डीइंटरलेसिंगचे पर्याय बदलून पाहतोय, अजून जमलेलं नाही. आणि नाटकं मी परत तुकड्यांत ठेवलीत. फाइलच्या नावांतला सीडी १, सीडी २ काढून नुसते अंक १, अंक २ असे शब्द घातले, की कोडी ती जोडत नाही. पहिला अंक संपला की पडदा यादीवर येऊन थांबतो आणि बाबा स्वयंपाकघराकडे बघतात.