पार्ट-टाइम, फुल वर्क फ्रॉम होम की हायब्रिड? मॅटर्निटी लीव्हनंतर काय घ्यावं

लीव्ह संपत आली की एचआरवाली गोड आवाजात विचारते, पार्ट-टाइम करतेस का गं? लगेच हो म्हणू नकोस.

पार्ट-टाइम ऐकायला सुटसुटीत पण करिअरला सगळ्यात महाग हेच. रॉबिन एली आणि आयरीन पडाविक या संशोधकांनी एका कन्सल्टिंग फर्ममध्ये 107 जणांशी बोलून बघितलं, फर्मचं म्हणणं होतं की बायका घरासाठी सोडून जातात, पण निघालं काय तर नोकरी सोडायचं प्रमाण पुरुष-बायकांचं जवळपास सारखंच, कामाने दोघंही पिचलेले, फक्त सवलत घेतली ती बायकांनी आणि मागे पडल्या त्याही त्याच. पुरुष? एरिन रीड या संशोधिकेचा 2015चा पेपर आहे, त्यातही कन्सल्टिंग फर्मच, बरेच पुरुष कुणाला न विचारता जवळपासचे क्लायंट धरून गुपचूप तास कमी करत होते आणि रेटिंग तरी झकास! रीतसर विचारणाऱ्यांना मात्र फटका. (शिवाय पगार अर्धा झाला तरी काम अर्धं होत नाही, अनुभवाचे बोल.)

फुल घरूनचं म्हणशील तर अर्थतज्ज्ञ निक ब्लूमने चीनच्या सीट्रिप या ट्रॅव्हल कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये जवळपास तसाच प्रयोग केला होता, आठवड्याला चार दिवस घरून, काम 13 टक्के वाढलं, सोडून जाणारे निम्म्यावर आले, पण तेवढंच चांगलं काम करूनही प्रमोशन मिळायचे चान्स कमी. दृष्टीआड सृष्टी.

पुढे त्याच कंपनीत 1612 जणांवर हायब्रिडचा प्रयोग झाला, आठवड्याला दोन दिवस घरून. 2024 मध्ये छापून आला, राजीनामे एक तृतीयांशाने कमी, त्यातही बायकांचे जास्त कमी, आणि प्रमोशनमध्ये दोन वर्षांत काही फरक नाही. माझं मत इथेच.

पण एक बघ, तुझं काम दुसरं कोणी उचलू शकतं का? 2023चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन हेच सांगतात, अमेरिकेत एका फार्मासिस्टच्या जागी दुसरा सहज उभा राहतो म्हणून तिथे कमी तास केल्याचा तोटा फारसा नाही, रात्री अकराला तूच फोन उचलायचा असेल तिथे मात्र जास्त तास देणाऱ्यालाच भाव. तुझं काम फार्मसीसारखं असेल तर पार्ट-टाइम खुशाल घे.

आणि 50 किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसला पाळणाघर कायद्यानेच द्यावं लागतं, ते आधी माग, त्याने तुझे तास कमी दिसत नाहीत.