गेम खेळणाऱ्या मुलासाठी परवडणारा टॅब्लेट: काय पाहून घ्यावा

मुलांसाठीच्या टॅब्लेटांच्या जाहिरातींत स्क्रीनचा आकार, जाड रंगीत कव्हर आणि आधीच भरून दिलेली शैक्षणिक ॲप ठळकपणे दाखवलेली असतात. ज्या मुलाला माइनक्राफ्ट आणि रोब्लॉक्स या गेमची ओढ आहे त्याच्यासाठी या तिन्ही गोष्टी दुय्यम आहेत. त्याचा सगळा अनुभव प्रोसेसर (टॅब्लेटचा मेंदू असलेली चिप) आणि रॅम (चालू ॲपसाठीची तात्पुरती मेमरी) या दोहोंवर उभा असतो आणि नेमकी तीच माहिती खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेली असते. साधारण सात ते बारा वर्षांच्या मुलाचा विचार करून कमी किमतीच्या गटातील प्रचलित टॅब्लेटांची ही तुलना केली आहे. माझा कौल आधीच सांगतो: सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए९, आणि तोही ८ जीबी रॅम व १२८ जीबी स्टोरेज असलेला, हा या गटातला सर्वांत समंजस पर्याय आहे. खर्चाची मर्यादा थोडी वाढवणे शक्य असेल, तर ॲपलचा साधा आयपॅड त्याच्या बराच पुढे आहे.

प्रोसेसरबद्दल बोलताना ‘ऑक्टा-कोर’ या शब्दाने सर्वाधिक फसगत होते. आठ कोर, म्हणजे चिपमधील स्वतंत्रपणे काम करणारे आठ भाग, असणे ही आता विशेष गोष्ट राहिलेली नाही. त्या आठांपैकी जोरकस कोर किती आणि कोणत्या पिढीचे आहेत, यावर गेम किती सहज चालेल हे ठरते. टॅब ए९ मधील मीडियाटेकच्या हेलिओ जी९९ या चिपमध्ये कॉर्टेक्स-ए७६ प्रकारचे दोन वेगवान कोर आणि कॉर्टेक्स-ए५५ प्रकारचे सहा काटकसरी कोर आहेत, आणि ती ६ नॅनोमीटर तंत्राने (आकडा जितका लहान, तितके तंत्र नवे आणि काटकसरी) बनलेली असल्यामुळे लवकर तापत नाही. लेनोव्होच्या टॅब एम९ मध्ये हेलिओ जी८० आहे. त्यातही कोर आठच, परंतु ती जुन्या, १२ नॅनोमीटरच्या तंत्रावर बनलेली आहे आणि तिचा ग्राफिक्सचा भागही एक पिढी मागचा आहे. व्हिडिओ पाहताना या दोन टॅब्लेटांत फरक जाणवणार नाही. माइनक्राफ्टमध्ये दूरवरचे डोंगर दिसू लागले, किंवा रोब्लॉक्सच्या एखाद्या गर्दीच्या खेळात वीस-पंचवीस खेळाडू एकत्र आले, की तो लगेच जाणवतो. नावांवरही विसंबून राहू नये. शाओमीच्या ११ इंची रेडमी पॅड एसई मध्ये स्नॅपड्रॅगन ६८० ही चिप आहे, तर त्याच नावाने आलेल्या ८.७ इंची टॅब्लेटमध्ये हेलिओ जी८५ आहे. त्यामुळे नावाऐवजी चिपचा क्रमांक पाहूनच खरेदी करावी.

आता स्क्रीनकडे वळतो, कारण येथे बहुतेक पालकांची समजूत नेमकी उलटी असते. टॅब ए९ ची स्क्रीन ८.७ इंचांची असून तिचे रिझोल्युशन, म्हणजे आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या, १३४० × ८०० आहे. त्याच मालिकेतील टॅब ए९ प्लसची स्क्रीन ११ इंचांची, १९२० × १२०० रिझोल्युशनची आणि ९० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ९० वेळा चित्र बदलू शकणारी, आहे. कागदावर दुसरा टॅब्लेट सरस दिसतो आणि चित्रपट पाहण्यासाठी तो सरस आहेही. परंतु गेम चालवताना चिपला प्रत्येक फ्रेमसाठी, म्हणजे प्रत्येक क्षणाच्या चित्रासाठी, स्क्रीनवरचे ठिपके रंगवावे लागतात, आणि प्लसमध्ये त्या ठिपक्यांची संख्या दुपटीहून अधिक होते. त्यातील स्नॅपड्रॅगन ६९५ ही चांगली चिप आहे, मात्र ती जी९९ च्या दुप्पट ताकदीची मुळीच नाही. म्हणूनच स्क्रीनच्या पूर्ण रिझोल्युशनवर चालणाऱ्या जड गेममध्ये लहान आणि कमी रेखीव स्क्रीनचा टॅब्लेट अधिक सुरळीत चालू शकतो. ९० हर्ट्झचा लाभही तेव्हाच मिळतो, जेव्हा चिप सेकंदाला तितक्या फ्रेम तयार करू शकते आणि गेम तेवढ्या फ्रेम देतो. परवडणाऱ्या गटात असे प्रसंग मोजकेच. २०२५ मध्ये आलेल्या टॅब ए११ ने जी९९ आणि ८.७ इंचांची मापे तशीच ठेवून स्क्रीन ९० हर्ट्झची केली आहे. दोहोंच्या किमतीत फारसा फरक नसेल, तर अर्थातच नवा घ्यावा.

मुलाच्या हातांचाही विचार व्हायला हवा. टॅब ए९ चे वजन सुमारे ३३२ ग्रॅम, तर प्लसचे ४८० ग्रॅम आहे. टॅब्लेट दोन्ही हातांत आडवा धरून अंगठ्यांनी खेळणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाला हा फरक काही मिनिटांतच मनगटात जाणवतो. शिवाय ११ इंची टॅब्लेटवर त्याचे अंगठे स्क्रीनच्या मधल्या बटणांपर्यंत पोहोचत नाहीत, मग तो टॅब्लेट मांडीवर ठेवून मान खाली घालून खेळू लागतो. या वयासाठी आठ ते नऊ इंच हेच योग्य माप आहे, असे माझे ठाम मत आहे.

रॅमच्या बाबतीत तडजोड करू नये. अँड्रॉइड स्वतःसाठीच बरीच रॅम राखून ठेवते, त्यामुळे ४ जीबीच्या टॅब्लेटवर एखादा मोठा गेम चालू असताना मुलाने मधेच दुसरे ॲप उघडले, तर परत येईपर्यंत गेम बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मुलांची चिडचिड जितकी संथ गेममुळे होते, त्याहून अधिक या अशा हातातोंडाशी आलेला डाव बुडण्यामुळे होते. काही कंपन्या ‘४ जीबी अधिक ४ जीबी’ असे लिहून ८ जीबी असल्याचा भास निर्माण करतात. त्यातील दुसरे ४ जीबी म्हणजे स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा असते. तिचा वेग खऱ्या रॅमच्या जवळपासही जात नाही, म्हणून तिला हिशेबात धरू नये.

स्टोरेजची गोष्ट थोडक्यात आटोपते. रोब्लॉक्सला फार जागा लागत नाही, कारण त्यातील खेळ लागेल तसे इंटरनेटवरून उतरतात. गेनशिन इम्पॅक्टसारखा गेम मात्र एकटाच २० जीबीहून अधिक जागा घेतो. मेमरी कार्डाची सोय असली, तरी अनेक टॅब्लेटांवर गेम कार्डावर हलवता येत नाहीत. तेथे फोटो आणि चित्रपटच ठेवता येतात. म्हणून टॅब्लेटमध्येच १२८ जीबी असलेले बरे, आणि ६४ जीबी ही किमान पायरी समजावी.

ॲमेझॉनचे फायर टॅब्लेट या गटातले सर्वांत स्वस्त आहेत आणि त्यांची एक बाजू खरोखर भक्कम आहे: किड्स आवृत्तीबरोबर मिळणारे मजबूत कव्हर आणि टॅब्लेट फुटला तरी दोन वर्षांपर्यंत बदलून देण्याची हमी. चार-पाच वर्षांच्या मुलासाठी मी दुसरे काही सुचवणार नाही. पण गेमचे वेड लागलेल्या मोठ्या मुलासाठी ते अपुरे पडतात. २०२२ च्या फायर ७ मध्ये केवळ २ जीबी रॅम आहे. २०२३ च्या फायर एचडी १० मध्ये स्क्रीन १९२० × १२०० ची देऊनही रॅम ३ जीबीवरच थांबली आहे. दुसरी अडचण अशी की या टॅब्लेटांवर गूगल प्ले स्टोअर नसते. माइनक्राफ्ट आणि रोब्लॉक्स ॲमेझॉनच्या स्टोअरवर मिळतात, मात्र वर्गमित्रांत नव्याने गाजणारा गेम तेथे असेलच याची खात्री नसते. प्ले स्टोअर आडमार्गाने बसवण्याच्या युक्त्या प्रचारात आहेत. मुलाच्या टॅब्लेटवर त्या करू नयेत, कारण त्यामुळे पालक-नियंत्रणाची घडी विस्कटते.

याच्या दुसऱ्या टोकाला आयपॅड आहे. २०२१ च्या नवव्या पिढीच्या आयपॅडमधील ए१३ चिपदेखील वरील सर्व अँड्रॉइड टॅब्लेटांना गेममध्ये सहज मागे टाकते, आणि २०२५ मध्ये आलेल्या साध्या आयपॅडमध्ये ए१६ चिप व किमान १२८ जीबी स्टोरेज आहे. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे त्याचे आयुष्य: २०२० च्या आठव्या पिढीच्या आयपॅडला २०२५ चे आयपॅडओएस २६ मिळाले. इतकी वर्षे नवी प्रणाली देणारा स्वस्त अँड्रॉइड टॅब्लेट मला तरी दाखवता येणार नाही. मेमरी कार्डाची सोय नाही आणि कव्हरचा खर्च वेगळा करावा लागतो, या उणिवा आहेत. तरीही पाच वर्षे वापरायचा विचार असेल, तर वर्षाकाठी पडणारा खर्च पाहता आयपॅड महाग ठरतोच असे नाही. वापरलेला आयपॅड घेतानाही हाच हिशेब करता येतो, फक्त तो आधीच्या मालकाच्या खात्यातून पूर्णपणे मोकळा झाला आहे ना आणि बॅटरी पुरेशी टिकते ना, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. खाते तसेच राहिले, तर ॲक्टिव्हेशन लॉक या ॲपलच्या चोरीविरोधी कुलपामुळे तो आयपॅड निरुपयोगी ठरतो.

अनोळखी नावांचे, अतिशय स्वस्त ‘किड्स टॅब्लेट’ मात्र मी कोणालाही सुचवणार नाही. यात केवळ वेगाचा प्रश्न नाही. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या अशाच एका टॅब्लेटची तपासणी केली, तेव्हा त्यात घातक सॉफ्टवेअरचे अवशेष आणि माहिती गोळा करणारे मुलांचे जुने ॲप-स्टोअर आधीपासून बसवलेले आढळले होते. टॅब्लेट घेतल्यावर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ‘प्ले प्रोटेक्ट प्रमाणित’ अशी गूगलच्या मान्यतेची नोंद आहे का, हे अवश्य पाहावे. ती नसेल, तर टॅब्लेट परत करावा.

किरकोळ वाटणाऱ्या पण रोज जाणवणाऱ्या दोन बाबी सांगतो. टॅब्लेट हलवून नेम धरण्याच्या गेमसाठी जायरोस्कोप हा टॅब्लेटचे फिरणे ओळखणारा सेन्सर लागतो, आणि स्वस्त टॅब्लेटांत तो पुष्कळदा नसतो. टॅब्लेट तिरका करून गाडी वळवण्याचे काम ॲक्सेलरोमीटर या साध्या सेन्सरवर भागते. हेडफोनची साधी खाच असणे हाही मोठा फायदा आहे, कारण ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोहोचतो आणि तालावर चालणाऱ्या गेमची मजाच जाते. टॅब ए९ मध्ये ती खाच आहे. दहाव्या पिढीपासूनच्या साध्या आयपॅडमध्ये ती राहिलेली नाही.

टॅब्लेट कोणताही असो, मुलाच्या हाती देण्यापूर्वी अर्धा तास खर्च करून खरेदीचे दार बंद करणे अत्यावश्यक आहे. बहुतेक गेम फुकट असतात आणि त्यांची कमाई आतल्या नाण्यांवर, पोशाखांवर, खजिन्याच्या पेट्यांवर चालते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने ॲपलविरुद्ध केलेल्या तक्रारीत असे नमूद होते की, एकदा पासवर्ड टाकला की पुढची पंधरा मिनिटे पुन्हा न विचारता कितीही खरेदी करता येत होती आणि पालकांना याची कल्पनाही नव्हती. २०१४ च्या तडजोडीत ॲपलला किमान ३.२५ कोटी डॉलर ग्राहकांना परत करावे लागले, आणि त्याच वर्षी गूगलनेही किमान १.९ कोटी डॉलर परत करण्याचे मान्य केले. तेव्हापासून दोन्हीकडील व्यवस्था खूप सुधारली आहे, पण ती आपण चालू केली तरच उपयोगी पडते. अँड्रॉइडवर मुलाचे स्वतंत्र खाते काढून ते गूगलच्या फॅमिली लिंक या पालक-नियंत्रणाच्या ॲपला जोडावे आणि प्रत्येक खरेदीला पालकांची मंजुरी आवश्यक ठेवावी. आयपॅडवर फॅमिली शेअरिंगमधील ‘आस्क टू बाय’ आणि स्क्रीन टाइम यांनी तेच काम होते. टॅब्लेटवर पालकाचेच खाते चालू ठेवून तो मुलाला देणे, ही सोय सर्वांत महागात पडते. ॲपल आर्केडसारखी सशुल्क सेवा घेतली, तर त्यातील गेममध्ये जाहिराती आणि आतली खरेदी दोन्ही नसतात, हाही विचार करण्याजोगा मार्ग आहे.

खरेदीइतकेच लक्ष गप्पांकडे द्यावे लागते. रोब्लॉक्सने २०२४ च्या अखेरीस तेरा वर्षांखालील मुलांना खेळाबाहेर थेट संदेश पाठवण्यावर निर्बंध आणले. परंतु मुलाने खाते उघडताना वय वाढवून सांगितले असेल, तर असे निर्बंध कुचकामी ठरू शकतात. खाते पालकांनी स्वतः, खऱ्या जन्मतारखेसह उघडावे आणि आपले खाते त्याला जोडून घ्यावे.

टॅब्लेट घरी आल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधी एक चाचणी करावी. मुलाचा सर्वांत आवडता आणि सर्वांत जड गेम, कव्हर चढवलेल्या टॅब्लेटवर, सलग अर्धा-पाऊण तास त्यालाच खेळू द्यावा. पहिल्या दहा मिनिटांत जवळजवळ प्रत्येक टॅब्लेट चांगला वाटतो. खरी परीक्षा चिप तापल्यावर होते, कारण तापमान वाढले की ती आपला वेग आपोआप कमी करते, आणि जाड रबरी कव्हर ती उष्णता आत कोंडून ठेवते. अर्ध्या तासानंतर गेम अडखळू लागला, तर आधी कव्हर काढून पाहावे, मग गेमचे ग्राफिक्स एक पायरी खाली आणावे, माइनक्राफ्ट असल्यास दृश्याचे अंतर कमी करावे. एवढे करूनही अडखळणे थांबले नाही, तर तो टॅब्लेट ठेवून घेऊ नये.